कानशीचा उलटा हात

पहाडातल्या फौजेच्या वर्कशॉपमध्ये पोस्टिंग झाली तेव्हा मी नाईक होतो, ट्रेड फिटर. माझा जोडीदार लान्स नाईक दत्ता. तो युसूफ वडगावचा, मी वडवणीकडचा. दोघांची घरं ऊसतोडीची.

म्हणून ट्रेनिंगमध्ये दोघांनीही शिकवणाऱ्या उस्तादांच्या शिव्या खाल्ल्या. कोयत्याला धार लावताना आमच्याकडे कानस मागं-पुढं दोन्हीकडं घासतात. बेंचवर ते चालत नाही. कानस पुढं जाताना कापते, मागं आणताना उचलायची. मूठ उजव्या हातात, टोकावर डावा पंजा, दाब सारखा. हात डोलला की सपाट कड गोल होते. दत्ता लवकर शिकला. मी घाई केली की म्हणायचा, "पाव्हणं, उसाचा फड न्हाई ह्यो. दमानं."

एका सकाळी रस्त्याखाली घसरलेला ट्रक वर ओढायचा होता. रिकव्हरी गाडीच्या दोर ओढणाऱ्या विंचचा खटका झिजला होता. दोर उलटा सुटू नये म्हणून दातेरी चाकात अडकतो तो तुकडा. स्पेअर नव्हता. नवा घासून बसवायचं काम माझ्याकडे आलं. साहेब घाई करत होते, बोटं गारठली होती. हात कोयत्याला धार लावल्यावानी चालायला लागला, ते मला कळलं होतं. कडेवर अंगठा फिरवला तर गोलावा लागला. कड तपासायचा गुण्या लावून बघितला नाही.

"रेडी, सर," म्हणालो.

ट्रक निम्म्यावर आला. दत्ता चाकामागं ठोकळा लावायला उतरला. वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला, "होल्ड. ओव्हर." विंच थांबला, सगळं वजन खटक्यावर आलं. खटका निसटला. ट्रक मागं दत्तावर गेला.

चौकशीत ठरलं, दत्तानं ठोकळा लावायला उशीर केला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, खटका ठीक होता.

पेन्शनवर आल्यावरही बरीच वर्षं युसूफ वडगावला गेलो नाही. यंदा गेलतो. दत्ताची बायको, आमच्या वहिनी, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. सगळं सांगितलं. मग वहिनी म्हणाल्या, "लोक आजून म्हणत्यात, सोताच्याच चुकीनं गेला. पोरगं बी त्येच ऐकत मोठं झालं."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"मला सांगून काय व्हणार, भाऊजी? त्याला सांगा. येईल आता."

पोरगा आला, बापाएवढाच उंच. मी उठून उभा राहिलो. नाव, रँक सांगितली आणि म्हणालो, "तुझ्या वडलांची चूक नव्हती. माझी होती."