आवाज न करणारे टायर

साठेसाहेबांची तक्रार अशी होती की टायर आवाज करत नाहीत.

अबू धाबीजवळच्या मुसाफातल्या एका टायरच्या दुकानात मी टेक्निकल अॅडव्हायझर आहे. गाडी कोणती, रस्ता कोणता, वापर किती, हे बघून गिऱ्हाइकाला टायर सुचवायचा, हे माझं काम. टायर आवाज करतो म्हणून भांडायला आलेली माणसं मी खूप बघितली. करत नाही म्हणून आलेले हे पहिलेच.

"एकदम मुके आहेत," साठे काउंटरवर वाकून म्हणाले. "इम्तियाजभाई, चार हजार दिरहम. म्हणजे जवळजवळ लाख रुपये झाले. आणि चूं नाही."

साठे मूळचे पुण्याचे. मोहम्मद बिन झायद सिटीत बायको-मुलीसह राहतात, एसी बसवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स मॅनेजर आहेत. त्यांच्या जनरल मॅनेजरला ट्रॅक डेचा नाद लागला होता. ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे. फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि आपलीच रोजची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवून बघायची. नंबर नाही, बक्षीस नाही. जीएमकडे पिवळी स्पोर्ट्स कार होती. साठेंकडे राखाडी सेडान, मागच्या काचेला ऊन लागू नये म्हणून जाळी. पण जीएमने "यू मस्ट कम" म्हटल्यावर साठे नाही कसं म्हणणार?

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी "सगळ्यात भारी" टायर मागितला होता. तुम्हाला त्याची गरज नाही, असं मी सांगून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही, आणि आमच्या मालकांनी मला दुसऱ्यांदा सांगू दिलं नाही. मग मी सेमी-स्लिक लावले. या टायरवर खाचा अगदी कमी असतात आणि रबर मऊ असतं. तापला की रस्त्याला चिकटून बसतो.

"साहेब, वळणावर रबर किंचित घसरायला लागलं की टायर ओरडतो," मी म्हणालो. "तुमचा घसरतच नाही. ही चांगली गोष्ट आहे."

"मग बाकीच्यांचे कसे ओरडतात?"

"ते जरा... जोरात चालवतात."

मी इकडेतिकडे बघू लागलो. तुम्ही हळू चालवता हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं, याचं ट्रेनिंग आम्हाला कोणी दिलेलं नाही.

मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. ट्रॅकवर त्यांची बायको आणि मुलगी बघायला आल्या होत्या. गाड्या किंकाळ्या मारत समोरून जायच्या, आणि मग साठे यायचे, लिफ्टसारखे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जीएमने सगळ्यांसमोर विचारलं, "साठे, वेअर यू ड्रायव्हिंग ऑर पार्किंग?"

"मुलगी घरी माझ्या गाडीची नक्कल करते," ते हळू आवाजात म्हणाले.

यावर त्यांनी तोडगाही काढून आणला होता. पुढे हे नवे चिकट टायर राहू द्यायचे, मागे कुठलेतरी जुने, गुळगुळीत होत आलेले लावायचे. पुढचे पकडतील, मागचे ओरडतील.

मी म्हटलं, "हे मी करणार नाही. पुढचं चाक धरून बसलं आणि मागचं सुटलं की गाडी भिंगरीसारखी फिरते. सावरायला वेळच मिळत नाही."

आमचे मालक पॅलेस्टिनी. सगळे त्यांना मुअल्लिम म्हणतात, म्हणजे उस्ताद. ते आतून ओरडले, "हबीबी, कस्टमर को आवाज मंगता है, आवाज दो! क्या प्रॉब्लेम?"

"मुअल्लिम, गाडी घूम जाएगा."

"उधर घूमेगा ना? दुकान में तो नहीं घूमेगा?"

"घूमेगा तो आपका नाम पे घूमेगा."

मुअल्लिम बाहेर आले. साठेंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दुकानाचं नाव निघालं की ते एकदम समजूतदार होतात. ठरलं असं: साठेंचे मूळचे कंपनी फिटिंगचे टायर अजून चांगले होते, तेच चारही परत लावायचे. साधा टायर लवकर ओरडतो. आणि साठेंची खात्री पटावी म्हणून ट्रॅकवर त्यांच्या शेजारी मी बसायचं.

"तुम बोला सेफ है, तुम बैठो," मुअल्लिम म्हणाले. "खलास."

मी दुकानात चारही टायरची हवा स्वतः बघून दिली. शनिवारी सकाळी ट्रॅकवर पोचलो. साठेवहिनी आणि मुलगी ईशा वर स्टँडमध्ये बसल्या होत्या. माझ्या डोक्यात भाड्याचं हेल्मेट, त्याला आधीच्या माणसाच्या अत्तराचा वास.

"हवेला हात लावला नाहीत ना?" मी बेल्ट लावताना विचारलं.

"छे! तुम्हीच तर बघून दिलीत."

पहिल्याच वळणावर टायर असा किंचाळला की मी दचकलो. स्पीड जेमतेम सत्तर. दुसऱ्या वळणावर चारही टायर एका सुरात. साठेंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लग्नाच्या वरातीत नवरदेव बसतो तसे ते ताठ बसले होते. स्टँडसमोरून जाताना त्यांनी वर बघितलं सुद्धा.

"साहेब, पुढे बघा!"

पुढे डावीकडे लांब वळण होतं. साठेंनी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी सरळ गेली. ट्रॅक संपला, वाळू सुरू झाली, काचेपुढे सगळं पिवळं झालं आणि आम्ही थांबलो. कुठे आपटलो नाही, पण मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून होतो आणि तोंडातून फक्त "या अल्ला" निघत होतं.

धूळ खाली बसली. हेल्मेट एका कानावर सरकलेले साठे माझ्याकडे वळले.

"आवाज आला ना?"

लाल झेंडा लागला. आमच्यामुळे सगळ्या गाड्या आत बोलावल्या. क्रेन येईपर्यंत मी खाली उतरलो आणि गेज लावून हवा बघितली. पस्तीसच्या जागी पंचावन्न! टायर दगडासारखे. हवा जास्त झाली की टायर फुगतो, रस्त्याला मधलाच पट्टा टेकतो आणि पकड जाते.

"पेट्रोल पंपावर भरली," साठे वाळूकडे बघत म्हणाले. "म्हटलं, आवाज जरा खणखणीत येईल."

"साठेसाहेब, वर तुमची बायकोपोरगी बसली आहे! माझीही घरी आहे!" मी गिऱ्हाइकावर कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडलो. ते मान खाली घालून उभे राहिले.

क्रेनने ओढून आम्हाला आत आणलं. जीएम धावत आला. मला वाटलं, आता यांची नोकरी जाते. त्याने साठेंना मिठीच मारली. "साठे! मॅन! आय डिडन्ट नो यू हॅड इट इन यू!" ऑफिसच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ईशा म्हणाली, "बाबा, दॅट वॉज इन्सेन." पण तिने फोनवर व्हिडिओ काढला होता, आणि तो आजीला पुण्याला पाठवूनही झाला होता.

साठेवहिनी मात्र सरळ माझ्याकडे आल्या. "भाऊ, आवाज करेल पण यांना रस्त्यावरच ठेवेल, असा टायर नाही का?"

"हाच आहे, वहिनी. फक्त हवा यांच्या हाती द्यायची नाही."

मी हवा उतरवली. टायर तापला की आतली हवा आणखी फुगते, म्हणून ट्रॅकवर थोडी कमीच ठेवली. दुपारच्या फेरीला साठे एकटे गेले. प्रत्येक वळणावर टायर वेळेवर कुरकुरले, साठेंनी वेळेवर पाय उचलला आणि गाडी जिथे असायला हवी तिथेच राहिली. कोणाला ओव्हरटेक केलं नाही. सगळ्यांनी त्यांना केलं. तरी उतरले तेव्हा घामाने भिजलेले आणि खूश.

मंगळवारी जीएम पिवळी गाडी घेऊन दुकानात आला. त्याला साठेंसारखे टायर हवे होते. त्याच्या गाडीला ते बसतच नाहीत, हे त्याला पटवायला माझी अर्धी सकाळ गेली. मागून मुअल्लिम मला एकसारखे खुणावत होते की मंगवा देंगे बोल.

तेव्हापासून ट्रॅकसाठी टायर मागायला कोणी आलं की मी आधी गाडीचं मॉडेल विचारत नाही. विचारतो, बघायला कोण कोण येणार आहे?