मार्चपर्यंतचे प्राध्यापक

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, भीतीपोटी आपोआप साचतात! मी अंबडजवळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. परीक्षा संपली की नोकरी संपली. जूनमध्ये त्याच खुर्चीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. यंदाची परवाच झाली. जागा एकच, आणि निकाल अजून नाही. कुणाचाही फोन वाजला की मी माझाच खिसा चाचपतो.

*

एकदा अचानक सुट्टी जाहीर झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातलेच इतिहासाचे काकडे सर फळ्यापुढं तसेच उभे. तास झाला नाही तर पगार नाही, हे पोरांना कोण सांगणार!

"सर, तुम्हाला सुट्टी आवडत न्हाई का?"

"लई आवडते. परमनंट झालो की घेईन!"

*

याच काकडे सरांची एक विद्यार्थिनी लग्नासाठी कॉलेज सोडणार होती. सर मला घेऊन तिच्या घरी गेले, वडिलांना तासभर समजावलं. वडिलांचे डोळे भरून आले. "सर, एवढी कळकळ आमच्या पाव्हण्यांत बी न्हाई!"

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "वर्गात पोरं कमी झाली की माझे तास जातेत हो!"

*

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काढूनच टाकणार, असं धरून आत गेलो.

"या. माझ्या मोबाइलचा आवाज का येईना, जरा बघा."

एवढा आनंद मला पीएचडी मिळाल्यावरही झाला नव्हता!

*

शेजाऱ्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "बाबा काय करतात गं?"

"प्राध्यापक आहेत. मार्चपर्यंत!"

सगळे हसले. मीही हसलो, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

*

आता परवाची मुलाखत. बाकावर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसलेल्या. कुंभार पिंपळगावहून एकट्याच आल्या होत्या.

"सर, तुम्ही इथंच शिकवता ना? काय विचारतेत हो?"

माझ्याच जागेसाठी आल्या होत्या, हे कळत होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "पर्जन्यछाया बघून घ्या. उदाहरण आपल्या जालन्याचंच द्या."

त्यांचं नाव पुकारलं. बाळ माझ्या मांडीवर ठेवून त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या हसतच. "सर, तेच विचारलं की! बराबर तेच!"

तेवढ्यात शिपायानं माझं नाव पुकारलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बाळानं माझा शर्ट घट्ट धरला होता. त्यांनी हळूच त्याची मूठ सोडवली.

"घाबरू नका सर, बिलकुल सोपं विचारून राह्यले!"