नकाशेमास्तर आणि नांदगावचे तीन दिवस

अनोळखी माणसाशी पाच मिनिटांत नातं जोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे नकाशेमास्तर. आधी ते समोरच्याला गाव विचारत, मग आजोळ, मग बायकोचं माहेर. तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुठेतरी धागा सापडायचाच, आणि नाहीच सापडला तर ते तो जागच्या जागी तयार करत. "म्हणजे तुम्ही आपलेच की!" असं म्हणून ते पायातल्या वहाणा काढत. वहाणा निघाल्या की मी समजून जायचो, आता पानावर बसल्याशिवाय त्या पुन्हा पायात जाणार नाहीत.

गिरगावातल्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतं होतं. मुलं आणि इतर मास्तर सगळेच त्यांना नकाशेमास्तर म्हणत. फळ्याकडे पाठ करून, वर्गाकडे बघत बघत, ते हाताने मागच्या मागे कोकणचा सगळा किनारा काढून दाखवत. खाडी कुठे आत शिरते, भूशिर कुठे पुढे येतं, सगळं बिनचूक. मुलं टाळ्या वाजवत. हा किनारा मास्तरांनी जन्मात पाहिलेला नव्हता, ही गोष्ट मात्र मुलांना माहीत नव्हती. ते साताऱ्याकडचे. समुद्र पाहायला ते चौपाटीपलीकडे कधी गेले नव्हते, कारण पलीकडे जायला तिकीट पडतं. सहकाऱ्यांना ते विषयाच्या नावाने हाक मारत. मी गणित शिकवायला नवा लागलेला, चोवीस वर्षांचा, म्हणून मी झालो 'गणित'.

एकोणीसशे तिसाच्या पुढची, मंदीची ती वर्षं. शाळेने सगळ्यांचे पगार कापले होते आणि नाताळच्या सुटीत कुठे जायचं म्हटलं तरी लोक हसत. अशात मास्तर एक दिवस मला म्हणाले, "अहो गणित, रेवसपासून मुरूडपर्यंत किनाऱ्याने जाऊन येऊ. खर्च काय तो बोटीचा. पुढे सगळं कोकण आपलंच आहे." माझं लग्न फाल्गुनात ठरलेलं होतं, त्याआधी थोडं हिंडून घ्यावं असं मनात होतं. मी हो म्हणालो. ही चूक माझी, ती मी त्यांच्यावर ढकलत नाही.

भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आम्ही रेवसला उतरलो. अलिबागला जायला सर्व्हिस मोटर उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पेंढा घेऊन चाललेल्या एका बैलगाडीवाल्याचं आजोळ त्यांनी काढलं आणि आम्ही पेंढ्यावर चढून बसलो. डिसेंबरची सकाळ, मिठागरांवर धुकं, अंगात थंडी आणि सदऱ्यात कुसळं. मास्तर मला भूगोल सांगत होते. डावीकडे दिसणारा डोंगर कोणता हे त्यांनी ठासून सांगितलं. गाडीवाला मागे न बघता म्हणाला, "तो न्हाय, मास्तर. तो पल्याड हाय." मास्तर म्हणाले, "नकाशात हाच आहे." गाडीवाल्याने पुढे अलिबागेपर्यंत तोंड उघडलं नाही. त्याला माणसाची पारख असावी.

कोणाच्याही दारात गेलं की मास्तरांचं एक वाक्य ठरलेलं असे. "आपल्याला काय हो, सावली आणि पाणी मिळालं की झालं." सावली आणि पाणी मिळाल्यावर ते चहाची चौकशी करत, चहानंतर विहिरीचं पाणी आंघोळीला कसं आहे ते विचारत, आणि आंघोळ झाली की चुलीवरच्या वासाचं कौतुक सुरू करत. या पाहुणचाराची परतफेड ते वचनांनी करत. अलिबागला एका कारकुनाला त्यांनी सांगितलं की मुलाला मुंबईत पाठवा, शाळा माझी, वसतिगृह माझं. चौलला एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याला ते म्हणाले, माझा डॉक्टर मित्र आहे, एक पैसा घेणार नाही. म्हाताऱ्याने आंधळेपणाने चाचपडत त्यांचे हात धरले. बाहेर पडल्यावर मी विचारलं, हा डॉक्टर कोण? मास्तर म्हणाले, "मुंबईत काय डॉक्टरांना तोटा आहे?" त्या म्हाताऱ्याचं नावसुद्धा त्यांनी लिहून घेतलं नव्हतं. मी ते घेतलं होतं. पण पुढे मीही काही केलं नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

रेवदंड्याला खाडी ओलांडायची होती. तरीच्या होडीवरच्या कोळ्याला मास्तरांनी समजावलं की आम्ही शिक्षक आहोत, किनाऱ्याचा अभ्यास करायला निघालोय, हे सार्वजनिक काम आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पान्यावरना चालत जाल काय?" मी मुकाट्याने दोघांचं भाडं दिलं. पलीकडे उतरल्यावर मास्तर म्हणाले की अजून थोडा वेळ दिला असता तर तो वळला असता.

पुढची वाट त्यांनी नकाशावरून काढली. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, बस, चुकायचा प्रश्नच नाही, असं म्हणत त्यांनी मला एका डोंगरावर चढवलं. दुपारपर्यंत समुद्र उजवीकडे नव्हता, डावीकडे नव्हता, कुठेच नव्हता. लाकडं तोडणाऱ्या एका बाईने आम्हाला खाली उतरवून दिलं. उन्हं कलताना पायांना फोड घेऊन आम्ही नांदगावात शिरलो आणि नारळी-पोफळीच्या वाडीतल्या पहिल्या धड दिसणाऱ्या घरासमोर मास्तरांनी वहाणा काढल्या.

घर एका विधवा बाईंचं होतं; मी त्यांना काकू म्हणू लागलो. नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेला. घरात त्या आणि त्यांची मुलगी यमू, सतरा वर्षांची. शेजारच्याच घरात त्यांचे दीर राहत आणि वाडीचा कारभार बघत. मास्तरांनी त्यांच्या नवऱ्याच्या आत्याचं नाव काढलं, ती साताऱ्याला आपल्या शेजारी राहायची म्हणून सांगितलं, लहानपणी तिच्या हातचे लाडू खाल्ले म्हणून सांगितलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "या. पाय धुवा."

असा पाहुणचार आम्हाला वाटेत कुठे झाला नव्हता. रात्री वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वर तूप. सकाळी नारळ घातलेले पोहे. काकू सारखं आम्हाला पुढच्या ओटीवर बसायला सांगत, आत ऊन येत नाही म्हणून. समोरून जाणारे लोक थांबून बघत. दीर दोनदा येऊन गेले. त्यांनी माझं गोत्र विचारलं, पगार विचारला, मुंबईत जागा स्वतःची की भाड्याची ते विचारलं. माझ्याआधी मास्तरच उत्तरं देत होते आणि त्यांच्या तोंडी माझा पगार शाळेने कापायच्या ऐवजी वाढवलेला होता. मला वाटलं, खेड्यातले लोक, चौकशी करणारच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर जाता जाता मला म्हणाले, "बरं, येतो जावईबापू." ते हसले नाहीत.

मी मास्तरांना वाडीत नेलं आणि विचारलं, तुम्ही या लोकांना काय सांगितलंत? ते सुपारी कातरत होते. "मुलगी बघायला आलोय असं मी म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे आणि लग्नाचा आहे, एवढंच म्हटलं. यात खोटं काय आहे ते दाखवा." मी म्हटलं, माझं लग्न ठरलंय हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर त्यांनी मला समजावलं की ठरलेली लग्नं मोडतात, आणि शिवाय परवा आपण निघून जाणार आहोत. माणूस निर्लज्ज असतो हे मला ठाऊक होतं. इतक्या शांतपणे सुपारी कातरत असतो, हे नव्हतं.

सकाळी काकू रहाटावर पाणी काढत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. माझं लग्न पुण्याच्या मुलीशी ठरलंय, मास्तरांनी तुम्हाला फसवलं, मला कालपर्यंत काही माहीत नव्हतं, आम्ही आत्ताच निघतो. त्यांनी घागर कठड्यावर ठेवली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "आमच्या यांना आत्याच नव्हती."

मग जेवायला का घातलंत, एवढंच मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. दिरांनी यमूसाठी तळे गावचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. बिजवर, वय चाळिशीच्या पुढे, पहिलीची तीन मुलं. त्याचं तिथे दुकान होतं, आणि त्याच्याशी सोयरीक झाली तर या वाडीतल्या हिश्श्याबद्दल यमूच्या बाजूने पुढे कोणी विचारणार नाही, असं काहीतरी त्या दोघांत ठरलेलं होतं. माघात लग्न उरकायचं होतं. काकूंचा भाऊ अलिबागेत नोकरीला होता. यमूला पुण्याला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवायची त्याची तयारी होती, पण जागा मिळणार होती जूनमध्ये. तोपर्यंत नाही म्हणायला बाईमाणसाजवळ कारण नव्हतं. नको आहे, हे कारण कुणी धरत नाही.

"मुंबईच्या मास्तराचं स्थळ सांगून आलंय म्हटल्यावर भावोजींना चार लोकांत जोर करता येत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही तीन दिवस माझ्या ओटीवर बसलात, ते गावाने पाहिलं. तळ्याला निरोप कालच गेला."

"आणि पुढे?" मी विचारलं.

"वैशाखात तुमचं पत्र येईल. पत्रिका जुळत नाही म्हणून." त्यांनी घागर पुन्हा उचलली. "लिहाल ना?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी आणखी दोन गोष्टी मागितल्या. आज निघू नका, संध्याकाळी गणपतीच्या देवळात आमच्याबरोबर चला. आणि तुमच्या मास्तरांना यातलं काही सांगू नका, त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. काकू पुढे, मी आणि मास्तर मागे, यमू आईच्या शेजारी. तिला सगळं माहीत होतं. प्रदक्षिणा घालताना ती हळूच मला म्हणाली, "पत्र विसरू नका हं." तीन दिवसांत ती माझ्याशी तेवढंच बोलली. मास्तर देवळाबाहेर लोकांना माझ्या घराण्याचा इतिहास सांगत होते, आणि त्या प्रवासात पहिल्यांदाच मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुरूडला गेलो. जंजिरा किल्ला किनाऱ्यावरूनच पाहिला, कारण फुकट नेणारा नावाडी भेटला नाही. मास्तरांनी किल्ल्याची माहिती मोठ्याने सांगितली. बुरुजांचा आकडा त्यांनी दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा वेगळा.

माझं लग्न फाल्गुनात झालं. वैशाखात मी पत्र लिहिलं. पत्रिका जुळत नसल्याचं कळवताना मला खरोखरच वाईट वाटलं, त्यावर बायको पुष्कळ दिवस हसत होती. पुढे तीनेक वर्षांनी पनवेलकडच्या एका मुलींच्या शाळेतून मला कार्ड आलं. अक्षर गोल, सरळ. 'मी इथे रुजू झाले. आई माझ्याजवळच असते. तुमच्या पत्राची आठवण आहे. यमुना.' बस, एवढंच.

मास्तर मात्र दरवर्षी थंडी पडली की शिक्षकांच्या खोलीत नांदगावची गोष्ट सांगत. आत्या कशी उभी केली, नवरदेव कसा बसवला, तीन दिवस तुपासकट कसं जेवलो. "एका शब्दावर, एका शब्दावर!" असं म्हणून ते बोट वर करत. सगळे पोट धरून हसत. मी वह्या तपासत बसायचो. एका विधवेला फसवून भात खाल्ला, अशी फुशारकी मारणारा माणूस मी पाहत होतो, आणि तो भात मीही खाल्ला होता.

काही वर्षांनी ते आजारी पडले. जलोदर झाला होता. त्यांच्या खोलीत मी दुपारी जाऊन बसायचो. अंगाची काडी आणि पोटाचा नगारा, पण तोंड चालूच. एकदा ते म्हणाले, "गणित, ती नांदगावची बाई. तिला आपण आशा लावली. मुलीचं काय झालं असेल हो?"

त्यांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. काकूंना दिलेला शब्द आता मोडला तरी चालेल असं वाटलं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. नसलेली आत्या, तळ्याचा बिजवर, पत्र, पनवेलचं कार्ड. तुमच्यामुळे एका मुलीचं भलं झालं, असंही मी वर म्हणालो. तेवढं तरी त्यांना घेऊन जाऊ दे.

ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे रागाने लाल झाले होते.

"म्हणजे मला फसवलं?" ते म्हणाले. "बाई अशी लबाड असेल असं वाटलं नव्हतं. आणि तुम्ही सामील होतात?"

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचे चार दिवस मी जात होतो, ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ते गेले.

शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर बोलले, मग संस्कृतवाले उठले आणि म्हणाले की मास्तर म्हटलं की आपल्याला नांदगाव आठवतं. त्यांनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. आत्या आली, नवरदेव आला, तूप आलं. शोकसभा असूनही लोकांना हसू आवरेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तिथला साक्षीदार मी एकटाच होतो. कुणीतरी विचारलं, "असंच झालं ना हो?"

मी म्हटलं, अगदी असंच झालं.