चुन्याच्या रेघांचं घर

शाळेच्या मैदानावर चुन्याची फक्की मारताना तिचा कोरडा वास नाकात गेला, की मला नंदनवन वस्तीच्या पुढचा आमचा रिकामा प्लॉट आठवतो. त्या रविवारी बाबांनी तिथं फक्कीनं अख्खं घर आखलं होतं. आईनं ओटा खिडकीकडे सरकवून घेतला आणि आम्ही त्या आखलेल्या स्वयंपाकघरातच डबा उघडून बसलो. तेवढ्यात मोजणीला आलेला एक सरकारी माणूस हातात नकाशा घेऊन जवळ आला. "काकाजी, इथं बांधू नका. ही जागा आराखड्यात बगीच्यासाठी आरक्षित आहे." बाबा म्हणाले, "पण रजिस्ट्री तं माह्या नावाची हाये ना गा?" "जागा तुमचीच आहे," तो खाली बघत म्हणाला, "फक्त घर नाही बांधता येत." तो गेल्यावर आई म्हणाली, "जेवून घ्या, भाजी थंडी होऊन राहिली." निघताना मी रेघ ओलांडली, तसे बाबा म्हणाले, "भिंतीतून काहून जाऊन राहिली वं? दार तिकडे हाये." मग आम्ही तिघंही दारातून बाहेर पडलो. पुढे कितीही अर्ज केले तरी आरक्षण उठलं नाही. बाबा गेले, आणि नंतर तिथं खरंच बगीचा झाला. परवा आईला तिथं फिरायला नेलं. घसरगुंडीपाशी ती थांबली, इकडेतिकडे पाहून तिनं अंदाज घेतला, आणि जिथं दार होतं तिथं चपला काढून आत गेली.