तेरा जणांतली माझी जागा

रग्बी लीग म्हणजे तेरा जणांची रग्बी. आयर्लंडमध्ये पंधरा जणांच्या रग्बीपुढे तिला कोणी विचारत नाही. तरीही डब्लिनमध्ये आमच्या बाजूला तिचे दोन क्लब होते आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. त्यातल्या दुबळ्या क्लबात मी खेळायचो. पुण्यात कॅरमपलीकडे कधी न गेलेला मी चौतिसाव्या वर्षी विंगवर, म्हणजे मैदानाच्या अगदी कडेच्या जागेवर, उभा राहिलो, कारण त्यांना तेरावा माणूस मिळत नव्हता. खेळ मला शेवटपर्यंत नीट आला नाही. पण या देशात शनिवारी माझी वाट बघणारे बारा लोक होते, आणि ते मला सोडवत नव्हतं.

२०२०चा सगळा मोसम लॉकडाऊनने खाल्ला. हिवाळ्यात आमच्या कोचनेच दोन्ही क्लब एक करायचा प्रस्ताव मांडला. पन्नाशीचा, प्लास्टरचं काम करणारा हा माणूस; वीस वर्षं क्लब त्यानेच अंगावर घेतलेला. समोरच्यांकडेही माणसं कमीच उरली होती, पण जी होती ती पंचविशीतली, धडधाकट. त्या संघात मला कोणी पाणी द्यायलाही घेतलं नसतं.

मतदान झूमवर होतं. डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमचं दार लावून मी बोलायला लागलो. क्लबचं नाव, जुने लोक, अस्मिता, काय काय. क्लब कधी सुरू झाला हे मी त्याच दुपारी वेबसाइटवर वाचलं होतं. सोसायटीच्या मीटिंगा बघत वाढलेला माणूस मी. चांगला ठराव कसा पाडायचा हे आम्हाला शिकवावं लागत नाही. म्हटलं, आधी नव्या क्लबच्या नावाचं ठरू द्या, मग बाकीचं बघू. झालं. दीड तास नावावर वाद पेटला आणि ठराव दोन मतांनी पडला.

बाहेर आलो तर बायको कपडे वाळत घालत होती. भिंती पातळ, तिने सगळं ऐकलं होतं.

"नावाचं एवढं काय रे तुला?" ती म्हणाली. "सरळ सांग ना, त्यांच्यात गेलास तर तुला कोण खेळवणार?"

मी चिडलो. तुला क्लब म्हणजे काय ते कळत नाही, असं काहीबाही बोललो. तिने नेमकं बोट ठेवलं होतं, म्हणूनच चिडलो.

उन्हाळ्यात मैदान उघडलं. तोवर समोरचा क्लब बंद पडला होता, त्यांची पोरं दुसऱ्या खेळांकडे गेली होती. आमचे पहिल्या शनिवारी सहा जण आले, पुढच्या शनिवारी चार. चार जणांत विंग कसली आणि काय. दोन्ही क्लब एक झाले असते तर एक धड संघ उभा राहिला असता, आणि मला तो निदान बाहेरून बघता आला असता. हे सगळं मला फार उशिरा सुचलं.

जुलैत कोचने क्लब बंद केला. सामान व्हॅनमध्ये टाकून झाल्यावर तो माझ्याजवळ आला.

"मीच चुकत होतो," तो म्हणाला. "त्यांच्यात गेलो असतो तर आपलं काहीच उरलं नसतं. तुझ्यामुळे आपण निदान आपल्या नावाने संपलो."

मी त्याला थँक्स म्हणालो.