कडूबाईची बेल

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर दुपारी निघायचा होता, आणि कडूबाईची बेल नेमकी त्याच दिवशी बंद पडली. आता याला काय म्हणावं!

तिसगावजवळच्या वस्तीवर रामहरीचं घर. तो आणि ज्योती, नवराबायको दरसाल ऊसतोडीला जायचे. पण यंदा त्याच्या म्हाताऱ्या आईचं, कडूबाईचं, डावं अंग लुळं पडलं, आवाजही पार खोल गेला. कितीही हाका मारल्या तरी ओसरीपलीकडं ऐकू जाईना. मग रामहरीनं शक्कल काढली. दारावरची बेल आणली, पण बटण लावलं आईच्या खाटेला आणि बेल ठोकली शेजारच्या राहीबाईच्या भिंतीवर. भाकर-पाणी राहीबाईच बघणार होती. या एका बेलच्या जिवावर आईला सोडून जायला त्याचं मन धजावलं होतं, आणि सकाळी बघतो तर लाईटीचा दाब वाढून तीच जळालेली!

तिसगावला पळाला. दुकान उघडेपर्यंत फळीवर बसून चडफडला. लाईटीवरची नकोच म्हणाला, सेलवरची बिनवायरची बेल आणली. बटण आईच्या हातात दिलं; राहीबाईच्या भिंतीवर बेलचे स्क्रू पिळेपर्यंत बाहेर टोळीचा मुकादम हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला.

ज्योतीनं बटण दाबून पाहिलं. वाजली. तरी रामहरीचा जीव भरेना.

"आये, मी राहीमावशीकडं जातो. जरा दमानं तूच दाब. तुझ्या हातानं वाजली, की मी गाडीत बसतो."

पाया पडून तो निघाला. राहीबाईच्या घरात बेलखाली उभा राहिला. बेल गप्प.

"दाब की गं आये!" तो ओरडला. तरी गप्प. मुकादम बाहेरून करवादला, "रामहरी, येतो का जाऊ आमी?"

उजवा हातही गेला का काय! तो तसाच उलटा पळाला.

म्हातारी खाटेवर टक्क जागी. बटण मुठीत.

"आगं, हात हालत न्हाई का?"

"हालतो की."

"मग दाबलं का न्हाई? माझा जीव घेती का काय?"

"तू पाया पडून निघाला हुता," कडूबाई पुटपुटली. "जाणाऱ्याला मागून हाक मारू नी, बाबा. ऊसात इळ्या-कोयत्याचं काम तुमचं. मी कशी दाबू?"

रामहरीला रागही आला आणि रडूही. "अन् मी गेल्यावर पडली-झडली तर?"

"तवा दाबीन की. तू वेस वलांडल्यावर दाबते. जा आता, माघारी बघू नको."

तो गेला. ट्रॅक्टर हलला, वेस मागं पडली. रामहरी मोबाईलकडं बघत बसला. अखेर राहीबाईचा फोन आला.

"वाजली रं वाजली! पर बंदच हुईना. थांब, बघून येते."

फोनमधून बेल एकसारखी ऐकू येत होती. रामहरी गाडीच्या फळीवर उभाच राहिला. राहीबाईनं परत येऊन फोन उचलला.

"काय न्हाई झालं. बटण दाबून धरलंय अन् रडती हाय. सोडवू का हात?"

"नको, मावशी," रामहरी म्हणाला. "दाबू द्या तिला."

आणि रेंज जाईपर्यंत तो मोबाईल कानाला लावून राहिला.