पश्चिमेचा पडदा

गल्लीने शिवणकाकूंच्या नवऱ्याचं नाव कप्तान ठेवलं, ते काही आदराने नव्हे. माणसाची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. पाणी त्यांनी पाहिलं ते टाकीतलं, नळातलं आणि मीटरच्या काचेआडचं. आणि निवृत्त झाल्यावर एक दिवस कुणाची तरी रंग उडालेली, शिडाची जुनी होडी घेऊन मोकळे झाले. घरी सांगितलं ते होडी धक्क्याला बांधून आल्यावर.

होडी केवढी, तर चौघं बसले असताना पाचव्याला शिंक आली तर त्याने आधी परवानगी मागावी, एवढी. पुढे वाकून शिरायची बुटकी केबिन, तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीपासून मागे आलेला शिडाचा आडवा दांडा, आणि त्या दांड्याखाली बसायचा खळगा. होडीवाले त्याला कॉकपिट म्हणतात. त्यात समोरासमोर दोन लाकडी बाकं, मधे पाय ठेवायची जागा, टोकाला सुकाणू. वर छप्पर वगैरे भानगड नाही.

शीड कप्तानांनी क्वचितच उभारलं. सकाळी वल्ह्याने होडी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर न्यायची, पाण्यात नांगरलेल्या, तरंगत्या नारिंगी बोयाला तिचं तोंड दोरीने बांधायचं आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. गळ टाकत नसत, पेपर वाचत नसत. 'आज कुठवर पोचले?' असं गल्लीतले लोक काकूंना विचारत आणि काकू 'जाऊन येतील जगभर, तुम्हाला काय पाठवायचंय का सोबत?' असं म्हणून मशीनचं चाक फिरवत.

बोलायला काकू कमी नव्हत्या. बोलायला माणूस नव्हतं, एवढंच. लग्न झालं तेव्हापासून नवऱ्याची पाळीची नोकरी. तो झोपायचा तेव्हा या जाग्या, तो जेवायचा तेव्हा या दुसऱ्यांचे पडदे शिवत बसलेल्या. पंपघरात आवाज इतका, की तिथली माणसं खुणांनी बोलत, आणि कप्तान त्या खुणा घरीही घेऊन येत. पाणी हवं असलं की अंगठा, जेवण नको असलं की पंजा. मुलगी लहानपणी बाबांच्या नकला करून सगळ्यांना हसवायची. काकूही हसायच्या. कुठलाही विषय काढला की कप्तानांचं एकच उत्तर ठरलेलं : 'रिटायर होऊ दे, मग बघू.' काकूंनी ते उत्तर जपून ठेवलं होतं. बाकी बायका दागिने ठेवतात तसं.

आता 'मग' आलं होतं, आणि ते बोयाला बांधलेलं होतं.

पहिल्यांदा त्यांनी सहज विचारलं, मी पण येऊ का. कप्तान म्हणाले, तुला ऊन बाधतं. यात खोटं काही नव्हतं. काकूंची अर्धशिशी सगळ्या गल्लीला माहीत होती. उन्हात जरा वेळ गेला की डाव्या भुवईवर कुणीतरी शिवायला घ्यायचं आणि मग दिवसभर डोळे उघडायची सोय नसायची. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही ऊन. पावसाळी ढग आले तेव्हा विचारलं, तर म्हणाले ढगांतून उलट जास्त लागतं. मुलीने फोनवर सांगून पाहिलं, की आई, असू दे ना त्यांना तिथे, तुला घर मोकळं. काकू म्हणाल्या, घर मोकळंच आहे गं, त्याचंच तर काय करायचं ते कळत नाही. त्यांना जगप्रवास नको होता. समोरचं दुसरं बाक हवं होतं, बस.

मग एके दिवशी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अडचण उन्हाची आहे ना? मग ऊन म्हणजे तर त्यांचा धंदा. खिडक्यांचे पडदे, गॅलरीच्या सावल्या, दुकानांपुढची कापडी छपरं, हेच करत त्यांचे केस पांढरे झाले होते. शिवणकाकूंची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. त्या कुणाच्याही घरी गेल्या की कापडाचं बोलायच्या आधी भिंतींकडे बघत आणि विचारत, 'दुपारचं ऊन कुठून येतं?' ती बाजू एकदा कळली की त्यांचा निम्मा पडदा शिवून झालेला असे. पश्चिमेचा पडदा त्या जाड घेत, आतून गडद अस्तर लावत आणि दुहेरी टीप मारत. आजवर एकाही घराने त्यांचा पडदा परत पाठवला नव्हता.

कप्तानांना सांगितलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. नाही म्हणाले नाहीत. काकूंनी ते हो धरलं.

धक्क्यावर माप घ्यायला गेल्या तो एक तमाशाच झाला. घर माप घेऊ देतं, होडी देत नाही. टेप एका टोकाला धरला की दुसरं टोक डुलायचं. खडूची खूण एका हेलकाव्यात चार बोटं सरकायची. शेजारच्या होडीचं यंत्र खोलून बसलेला इंजिनवाला हा कप्तानांचा एकुलता एक मित्र. तो म्हणाला, वहिनी, होडीला सांगा श्वास रोखून उभी राहा म्हणून. शेवटी काकूंनी जुनी चादर आणली, शिडाच्या दांड्यावरून तंबूसारखी टाकली, टाचण्या लावल्या आणि चादरीचंच माप घेतलं. वाऱ्याने चादर फुगून कप्तानांच्या तोंडावर बसली तेव्हा इंजिनवाला खो खो हसला आणि कप्तानही हसले. काकूंना ते हसू घरी नेण्यासारखं वाटलं.

मग त्यांनी खळग्यात उभं राहून नेहमीचा प्रश्न विचारला.

"दुपारचं ऊन कुठून येतं हो?"

कप्तानांनी पंपघरातली खूण केली. उजव्या बाजूला बोट. काकूंनी बघितलं, तर खरंच, धक्क्याला बांधलेल्या होडीच्या उजव्या अंगाला सूर्य कलायला लागला होता. इंजिनवाला पान्हा हातात धरून कप्तानांकडे बघत होता. कप्तानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. काकूंना हे दिसलं होतं, पण दिसलेलं सगळं लक्षात घ्यायची तेव्हा गरज वाटली नाही.

शिवायला त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली. घट्ट विणीचा कॅनव्हास, खालून गडद निळं अस्तर, म्हणजे पाण्यावरची तिरीप वर उडून डोळ्यांत जाणार नाही. पुढे-मागे नळ्या ओवायला नेफे. कडेला पितळी आयलेट, दोऱ्या बांधायला. आणि उजव्या अंगाला बाकापर्यंत उतरणारा पश्चिमेचा पडदा, छपराला दुहेरी टिपेने जोडलेला, वाऱ्याने फाटता कामा नये असा. मशीनची सुई दोनदा मोडली. कप्तान रोज संध्याकाळी येत, कापड ओलांडून आत जात, एकदा तर त्यांनी पडद्याची कड हातात घेऊन चिमटीत चोळून पाहिली. "चांगला जाड आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं याच्यावर काकू रात्री सगळा नेफा शिवून उठल्या.

सावली बसवली ती धक्क्यालाच. नळ्या अगदी नेमक्या बसल्या, दोऱ्या ताणल्यावर कापडावर एक सुरकुती नाही. खाली बसलं की बाहेरचं सगळं पांढरंफटक आणि आत निळसर गार. इंजिनवाल्याने चहा मागवला. कप्तानांनी उजव्या बाकाकडे हात केला आणि म्हणाले, बस तिथे, तुझी सावली आहे. दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. जाताना काकूंनी थर्मास घेतला, एक उशी घेतली, आणि बोलायचं काय याची मनातल्या मनात जुळवाजुळवही केली. इतक्या वर्षांचं साठलेलं, सुरुवात कुठून करायची? मुलीपासून नको, तिचं निघालं की भांडण होतं. लग्नाच्या आधी एकदा दोघं याच धक्क्यावर आले होते, तिथून करावी असं त्यांनी ठरवलं.

बोयाला दोरी अडकवली. काकू पडद्याला पाठ टेकून उजव्या बाकावर बसल्या. कप्तान समोर. सकाळ ढगाळ आणि शांत गेली. काकूंनी धक्क्याची आठवण काढली, कप्तानांनी मान हलवली, एकदा तर 'तेव्हा इथे लाकडी फळ्या होत्या' एवढं वाक्यही बोलले. काकूंनी चहा ओतला. असंच रोज यायचं, त्यांच्या मनात आलं. शिवण सकाळी लवकर उरकायचं आणि यायचं.

दुपारी वारा उलटला.

काकूंना आधी वाटलं, धक्काच हलतोय. घरं, झाडं, इंजिनवाल्याची होडी, सगळं हळूहळू त्यांच्या पाठीमागे सरकत गेलं. बोयाला तोंड बांधलेली होडी वाऱ्याबरोबर अख्खी फिरली आणि उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. पश्चिमेचा पडदा पूर्वेकडे गेला. दुहेरी टिपेने, गडद अस्तराने तो नुसत्या पाण्याला सावली देत राहिला. आणि डाव्या अंगाने, जिथे काहीच नव्हतं तिथून, कललेलं ऊन छपराखाली शिरून सरळ काकूंच्या डोळ्यांत आलं.

कप्तानांच्या पाठीवर ऊन होतं. पण त्यांनी निघतानाच मानेवर टॉवेल घेतला होता. सकाळी, सावलीत बसायला जाताना.

काकूंनी उशी आडवी धरून पाहिली. थर्मासचं झाकण कपाळाशी धरलं. डाव्या भुवईवर पहिला टाका पडला तेव्हा त्यांनी विचारलं,

"ही रोज अशी फिरते?"

"रोज. दुपारी वारा बदलतो."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

कप्तान पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं, अगदी सरळ आवाजात, पंपाचा दाब सांगावा तसं. "तू विचारलंस ऊन कुठून येतं. मी दाखवलं. होडीला पश्चिम नसते गं." आणि मानेवरचा टॉवेल सारखा करत, "म्हटलं होतं ना, तुला ऊन बाधतं."

इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं काकूंच्या तोंडाशी होतं आणि त्यातलं एकही वाक्य आता लागू पडत नव्हतं. ते चिमटीत कापड चोळणं त्यांना आठवलं. चांगला जाड आहे म्हणाला होता हा माणूस. सुई दोनदा मोडली तेव्हा हा दारातच उभा होता. एक शब्द पुरला असता. एवढंसं 'दोन्हीकडे लाव' पुरलं असतं. त्यांनी हाताने धक्क्याकडे खूण केली. ती भाषा त्यांना येत होतीच.

धक्क्यावर इंजिनवाल्याने हात देऊन त्यांना वर घेतलं आणि त्यांचं तोंड बघून त्याचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "वहिनी, मी त्याला म्हणालो होतो त्याच दिवशी, सांग तिला. म्हणाला, शिवू दे, तेवढंच तिचं मन रमतं."

त्या दिवशी काकू खोलीचे सगळे पडदे ओढून झोपल्या. डोकं दुखायचं थांबलं तरी उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात कप्तानांनी होडी धुवायला धक्क्याला लावली, तेव्हा काकू कात्री आणि पिशवी घेऊन गेल्या. कात्री काढावी लागली नाही, गाठी त्यांच्याच होत्या, हातांना सापडल्या. कप्तान बादली घेऊन बघत उभे राहिले. मग म्हणाले, काढतेस कशाला, पलीकडून पण एक पडदा लाव, झालं. एका दुपारचं तर काम.

एका दुपारचंच काम होतं. कापड उरलेलं होतं, अस्तरही होतं. हे काकूंना त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी शेवटची गाठ सोडली, नळ्या ओढून काढल्या, कॅनव्हासची घडी घातली. "मापं घेणं बंद केलंय मी," एवढं म्हणाल्या आणि घडी डोक्यावर घेऊन घराकडे चालू लागल्या. वाटेत गल्लीतलं कुणीतरी म्हणालं, काय काकू, कप्तानांनी जहाज मोडीत काढलं वाटतं. काकू म्हणाल्या, जहाज आहे, माल उतरवला.

सावली आता घराच्या गॅलरीत आहे. गॅलरीला पश्चिम आहे, ती जागची हलत नाही. कापड रुंदीला जास्त होत होतं. काकूंनी ते न कापता आत दुमडून टाचलं. मशीन बाहेर आणलं, मशीनपुढे एक खुर्ची. दुपारी तिथे निळसर गार असतं. कप्तान बोयावर बसतात, मानेवर टॉवेल, डोक्यावर टोपी, आणि पुन्हा त्यांनी सावलीचा विषय काढला नाही. समोरच्या बाकावर ते आता पाय पसरतात.

एकदा उन्हाचा फारच कहर झाला तेव्हा ते दुपारीच घरी आले. मान भाजून लाल झालेली. गॅलरीच्या दारात उभे राहून त्यांनी वर कापडाकडे पाहिलं, मग बसायला काही आहे का ते पाहिलं. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर काकू.

"इथे बरी सावली पडते," कप्तान म्हणाले.

"घर वळत नाही ना," काकू म्हणाल्या, आणि मशीनचं पायडल दाबलं.

मशीन सुरू झालं की गॅलरीत दुसरं काही ऐकू येत नाही. कप्तान थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी अंगठा वर केला, पाणी हवं असल्याची खूण. काकूंची नजर टिपेवर होती. ते स्वतःच आत गेले.